ग्राहक सेवा काउंटरवर काम कसे करून घ्यावे : दुकानदाराच्या वहीपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत

माझ्या लहानपणी नाशिकच्या रविवार कारंज्याजवळच्या ज्या किराणा दुकानातून आमच्या घरी महिन्याचा माल येत असे, तिथे तक्रार करण्याची रीत अगदी साधी होती. तूरडाळीत किडे निघाले की आई तीच पुडी पुन्हा दोऱ्याने बांधून माझ्या हातात देई, मी ती दुकानदाराच्या गादीजवळ नेऊन ठेवी, आणि ते पुडीत एकदा बोट फिरवून, काही न बोलता, दुसऱ्या पोत्यातली डाळ तागडीत घालत. बिल विचारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण बिल नसेच. असे ती लाल कापडी बांधणीची वही आणि दुकानदाराची स्मरणशक्ती. पुडी आपल्याच दुकानाची आहे आणि या मुलाचे वडील दर महिन्याच्या सात तारखेला हिशेब चुकता करतात, हे त्यांना ठाऊक असणे हाच पुरावा होता.

आज इंदिरानगर, सिडको, गंगापूर रोड किंवा नाशिक रोडच्या कोणत्याही सुपरमार्केटमध्ये ग्राहक सेवा काउंटरवर बसलेला तरुण तुम्हाला ओळखत नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणेही योग्य नाही. तो बिलाला ओळखतो. बिलावरचा क्रमांक संगणकात घातल्यावर पडद्यावर जे येते, तेवढेच त्याच्या दृष्टीने घडलेले असते. पूर्वी जो पुरावा दुकानदाराच्या डोक्यात असे, तो आता आपल्याला आपल्या खिशात बाळगावा लागतो. हे एकदा ध्यानात घेतले की या काउंटरवरची निम्मी वादावादी टळते. पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः हा पुरावा कसा जपावा आणि कसा वापरावा याविषयी आहे.

काउंटर असा कसा झाला

जुन्या दुकानात सगळे दुकानच काउंटर होते. माल काउंटरच्या पलीकडे, गिऱ्हाईक अलीकडे, आणि मधला माणूस माल काढून देई, दर सांगे, उधारी लिही आणि तक्रारही ऐके. अमेरिकेत मेम्फिस शहरात १९१६ मध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी ‘पिगली विगली’ नावाचे दुकान काढून गिऱ्हाइकालाच मांडणीमधून माल उचलायला लावले, तेव्हा हा मधला माणूस बाजूला झाला. मजुरी वाचली, दर उतरले. पण ‘हे खराब निघाले’ असे कोणाला सांगायचे, हा प्रश्न मात्र उभा राहिला. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे तिथल्या मोठ्या दुकानांत प्रवेशद्वारापाशी वेगळा कोपरा आला, जिथे परत आलेला माल घेतला जाई आणि गिऱ्हाइकांचे धनादेशही वटवून दिले जात.

आपल्याकडे या दोन्हींच्या मधली एक पायरी होती, ती सहकारी ग्राहक भांडारांची. मुंबईच्या नायगावात १९४८ मध्ये सुरू झालेला ‘अपना बाजार’ हे त्याचे ठळक उदाहरण. अशा भांडारांत विक्रेता पावती फाडी, रोखपालाकडे पैसे भरून त्यावर शिक्का घ्यावा लागे आणि तिसऱ्या ठिकाणी माल मिळे. काम वेळखाऊ होते, परंतु पावती नावाच्या कागदाची सवय मराठी मध्यमवर्गाला बऱ्याच अंशी या भांडारांनीच लावली, असे माझे मत आहे. पुढे १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, आणि गिऱ्हाइकाने गयावया न करता हक्काने बोलावे ही कल्पना घरोघरी पोहोचू लागली. ग्राहक संरक्षणाचा पहिला स्वतंत्र कायदा १९८६ मध्ये झाला. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली तो २४ डिसेंबर हा दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो.

मात्र आजच्या काउंटरचा स्वभाव ज्याने ठरवला, तो बदल तंत्राचा आहे. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावच्या एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा यंत्राने वाचला गेला. तोपर्यंत दुकानाचा दर वस्तूवर चिकटवलेला असे. बारकोड आल्यावर तो वस्तूवरून उठून संगणकात गेला. आपल्याकडे पाकिटावर कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, छापलेली असतेच. त्यामुळे एका वस्तूला आता तीन किमती झाल्या: पाकिटावर छापलेली, मांडणीच्या पट्टीवर लिहिलेली आणि संगणकात भरलेली. २००१ मध्ये बिग बझार, २००२ मध्ये पवईत डी-मार्ट आणि त्यानंतर इतर साखळ्या आल्या, तशी ही पद्धत आपल्या अंगवळणी पडली. आज काउंटरवर येणाऱ्या तक्रारींपैकी पुष्कळशा या तीन किमतींचा मेळ न बसल्यामुळे जन्म घेतात, आणि वहीच्या काळात हा घोटाळा संभवतच नव्हता.

बिल हाती पडल्यापासून

सुपरमार्केटचे बिल बहुधा थर्मल कागदावर छापलेले असते. या कागदाला शाई लागत नाही, उष्णतेने अक्षरे उमटतात, आणि उष्णतेनेच तो बिघडतो. एप्रिल-मे महिन्यांत स्कूटरच्या डिक्कीत राहिलेले बिल दोन दिवसांत काळवंडते. पाकिटात प्लास्टिकच्या कप्प्याला चिकटून राहिलेले बिल महिन्या-दोन महिन्यांत कोरे होते. म्हणून बिल हातात पडताच, दुकानाच्या बाहेर पडण्यापूर्वीच, मोबाइलवर त्याचा फोटो काढावा. बिल लांब असेल तर दोन तुकड्यांत काढावा, परंतु दुकानाचे नाव, बिल क्रमांक, तारीख, वेळ आणि पैसे कसे दिले ती ओळ या गोष्टी स्पष्ट आल्याच पाहिजेत. बिलाच्या मागच्या बाजूचाही एक फोटो घ्यावा, कारण माल बदलून देण्याची मुदत आणि अटी तिथेच बारीक अक्षरांत छापलेल्या असतात आणि वाद झाला की दुकानाचा कर्मचारी पहिले बोट तिथेच ठेवतो.

दारावरचा सुरक्षारक्षक बिलावर शिक्का मारतो किंवा त्याला भोक पाडतो, ते कधी कधी नेमके बिल क्रमांकावर पडते. तसे झाल्यास तिथेच हसून सांगावे आणि काउंटरवरून दुसरी प्रत घ्यावी.

मोबाइल क्रमांकाचा प्रश्न थोडा विचार करण्याजोगा आहे. क्रमांक दिला की बिल फोनवर येते आणि हरवले तरी काउंटरवर चटकन सापडते, हा फायदा खरा आहे. पण क्रमांक दिल्याशिवाय बिलच करणार नाही, असे म्हणणे मात्र दुकानाला शोभत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना तशी स्पष्ट सूचना केलेली आहे. मी स्वतः महिन्याचा किराणा ज्या एका दुकानातून घेतो तिथे क्रमांक देतो आणि इतरत्र ‘नको, कागदाचे बिल द्या’ एवढेच म्हणतो. याला आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.

तक्रारीची सर्वांत सोपी वेळ मात्र पैसे देण्याच्या आधीची असते. बिलिंग करणारी ताई एकेक वस्तू यंत्रापुढून नेत असताना गिऱ्हाइकाकडे तोंड केलेल्या छोट्या पडद्यावर दर उमटत असतो. त्या वेळी पिशव्या भरण्याची घाई न करता पडद्याकडे पाहावे. पैसे चुकते होण्यापूर्वी एखादी ओळ काढून टाकणे हे एका मिनिटाचे काम असते. पैसे दिल्यानंतर तीच चूक दुरुस्त करायला दुसरा काउंटर, दुसरी रांग आणि बहुधा वरिष्ठाचा पासवर्ड लागतो.

काउंटरवर काय बोलावे

दोन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगतो, कारण त्यात जवळजवळ सगळी पद्धत आली आहे. आमच्या भागातल्या एका सुपरमार्केटमध्ये अर्ध्या लिटरचे दोन तुपाचे डबे एकत्र घेतल्यास ६० रुपये सूट, अशी पिवळी पट्टी मांडणीवर होती. बिलात सूट आली नाही. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, ऑफर काल संपली, सिस्टिम घेत नाहीये.” मी म्हणालो, “दादा, सिस्टिमचे राहू द्या, माझ्याबरोबर त्या मांडणीपर्यंत तेवढे या.” त्याला जागा सोडता येत नव्हती, म्हणून त्याने मजल्यावर देखरेख करणाऱ्या ताईंना बोलावले. त्या आल्या, त्यांनी पट्टी खाचेतून ओढून काढली, उलटसुलट पाहिली. तिच्यावर शेवटची तारीख कुठेही नव्हती. “रात्री काढायची राहून गेली,” असे त्या स्वतःशीच पुटपुटल्या, पट्टी एप्रनच्या खिशात घातली, काउंटरवर येऊन आपला पासवर्ड टाकला आणि मला ६० रुपये रोख मिळाले. एकूण पंचवीस मिनिटे गेली.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती एप्रनच्या खिशात गेलेली पट्टी. ताई प्रामाणिक होत्या म्हणून निभावले. मी काउंटरवर वाद घालत असताना दुसऱ्या कोणी ती पट्टी आधीच काढली असती तर माझ्याजवळ बोलण्यासारखे काहीच उरले नसते. म्हणून दराविषयी शंका आली की काउंटरवर जाण्यापूर्वी वस्तू आणि पट्टी एकाच चौकटीत येतील असा फोटो घ्यावा. तसेच इथे एमआरपीचा मुद्दा काढू नये, कारण दुकानाने घेतलेली किंमत छापील किमतीच्या आतच होती. जाहीर केलेली सूट न देणे हा आपला मुद्दा होता, आणि नेमका मुद्दा सांगितला की समोरचा माणूसही नेमके उत्तर देतो. याउलट छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त लावला असेल, तर ते थेट वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजन-मापे आणि पाकीटबंद मालाच्या किमती यांविषयीच्या, नियमांचे उल्लंघन आहे आणि तसे स्पष्ट शब्दांत म्हणावे.

दुसरी गोष्ट अधिकाराची. काउंटरवर बसलेल्या कर्मचाऱ्याला बहुतेक दुकानांत बिलाची प्रत काढणे आणि न उघडलेली वस्तू बदलून देणे एवढेच स्वतःहून करता येते. पैसे परत करण्यासाठी वरिष्ठाची मंजुरी लागते. त्याच्यावर आवाज चढवून ती मंजुरी लवकर येत नाही. “हे तुमच्या हातात नसेल तर ज्यांच्या हातात आहे त्यांना बोलवा, मी थांबतो,” हे वाक्य मला सर्वांत उपयोगी पडलेले आहे. आणि थांबायची तयारी असेल अशाच वेळी जावे: महिन्याचा पहिला आठवडा, रविवारची संध्याकाळ आणि दुकान बंद होण्याआधीचा अर्धा तास टाळावा, कारण या वेळी वरिष्ठ स्वतःच बिलिंगला बसलेले असतात किंवा गल्ल्याचा हिशेब जुळवत असतात. आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी अकराच्या पुढे गेल्यास काम बरेचदा दहा मिनिटांत होते.

पैसे परत मिळणार असतील तर ते कोणत्या रूपात, हे आधी विचारावे. काउंटरवर पुष्कळदा क्रेडिट नोट, म्हणजे तेवढ्या रकमेचा माल पुढे घेण्याची चिठ्ठी, पुढे केली जाते. ती घ्यायला हरकत नाही, पण तिच्यावर मुदत असते आणि ती अनेकदा त्याच शाखेत चालते. माल सदोष असेल तर क्रेडिट नोटेवर समाधान मानण्याचे बंधन नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार, सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि बिलावर मुदतच नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही जुनी पाटी सदोष मालाच्या बाबतीत या तरतुदीपुढे टिकत नाही. मात्र रंग आवडला नाही किंवा घरी आधीच एक डबा होता, अशा कारणांसाठी हा हक्क मागता येत नाही. तिथे दुकानाच्या सौजन्यावरच काम होते.

काही ठरावीक तक्रारी

डाळ, रवा, मैदा यांत किडे किंवा जाळी निघाल्यास पाकीट रिकामे करून डब्यात भरू नये. पाकीट तसेच ठेवून, बॅच क्रमांक, तारीख आणि कीड दिसेल असे फोटो घ्यावेत आणि उरलेल्या मालासह पाकीट न्यावे. बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक असतो. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणे बंधनकारक आहे. दुकानाने दाद दिली नाही तर या क्रमांकासह राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, आणि अन्नसुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे शुल्क भरून नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासूनही घेता येतो. मोकळ्या मालाचे वजन करताना भांड्याचे किंवा जाड पिशवीचे वजन मालात धरले जात नाही ना, हे काट्याचा आकडा शून्यावर पाहून ठरवावे; काट्याच्या पडताळणीचे प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावलेले असले पाहिजे.

यूपीआयने दिलेले पैसे खात्यातून वजा झाले आणि दुकानाकडे पोहोचले नाहीत, ही आजची नित्याची अडचण आहे. अशा वेळी काउंटर पैसे परत करू शकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते आलेलेच नसतात. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ही रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप खात्यात परत यायला हवी, आणि त्यापुढे उशीर झाल्यास बँकेने दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावयाची असते. काउंटरवरून आपल्याला हवे ते एवढेच, की दुसऱ्या मार्गाने पैसे दिल्याचे बिल आणि पहिला व्यवहार पोहोचला नसल्याचा बिलावर हाताने लिहिलेला शेरा. हा शेरा पुढे बँकेशी बोलताना फार कामी येतो.

पिशवीचे पैसे ऐनवेळी बिलात घातले जातात, त्याबद्दल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये एका साखळीला फटकारले होते; आधी न सांगता काउंटरवर पिशवीचे पैसे लावणे अनुचित आहे, असे आयोगाचे म्हणणे होते. तरीही घरून कापडी पिशवी नेणे हा त्याहून सोपा उपाय आहे. सुट्या पैशांऐवजी चॉकलेट दिले तर ते नाकारावे. नाशिक रोडला नोटा छापल्या जातात आणि तरीही आपल्या शहरात दोन रुपयांसाठी गोळी हातावर ठेवली जाते, याची मला गंमत वाटते. अर्थात नाणी आपल्याकडे नव्हे, मुंबईच्या टाकसाळीत पाडली जातात, एवढी सबब दुकानदारांना द्यायला हरकत नाही.

काउंटरने नकार दिल्यास

तोंडी नकार कुठेही टिकत नाही, म्हणून तक्रार लेखी करावी. जुन्या भांडारांत तक्रारवही दोरीने बांधून ठेवलेली असे. आता तिची जागा ईमेलने घेतली आहे, आणि दुकानाच्या कंपनीचा तक्रारीचा पत्ता बिलावर छापलेला असतो. पाकीटबंद वस्तूंवर उत्पादकाचा ग्राहक सेवा क्रमांकही असतो, त्यालाही तीच ईमेल पाठवावी. मजकूर मोजका असावा: “दिनांक अमुक रोजी बिल क्रमांक अमुक अन्वये आपल्या अमुक शाखेतून ही वस्तू इतक्या रुपयांना घेतली. तिच्यात पुढील दोष आढळला. अमुक तारखेला काउंटरवर वस्तू व बिल दाखवले असता परत घेण्यास नकार देण्यात आला. सात दिवसांत रक्कम परत करावी. बिल व वस्तूचे फोटो सोबत जोडले आहेत.” राग, उपरोध आणि वर्तमानपत्रात देण्याची धमकी यांतले काहीही त्यात नसावे, ही ईमेल पुढे तिसऱ्या माणसाने वाचायची असते.

उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीत तक्रार नोंदवता येते. तिथे नोंद क्रमांक मिळतो आणि तक्रार कंपनीकडे जाते. मोठ्या साखळ्यांच्या बाबतीत बरेचसे वाद इथेच मिटतात. त्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. नाशिककराला मुंबईच्या कंपनीविरुद्ध नाशिकमध्येच तक्रार दाखल करता येते, कारण २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराच्या राहत्या ठिकाणचा आयोग खुला केला. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील देणे सक्तीचे नाही, १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून घरबसल्या अर्ज करता येतो, आणि मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. ६० रुपयांच्या सवलतीसाठी कोणी आयोगात जावे असे मी म्हणणार नाही. मिक्सर किंवा प्रेशर कुकर सदोष निघाला आणि दुकान व उत्पादक एकमेकांकडे बोट दाखवू लागले, तर मात्र जरूर जावे.

ज्या ॲपवरून दहा-पंधरा मिनिटांत किराणा घरी येतो, त्यांना काउंटरच नाही. तिथे काउंटरचे काम चॅटची खिडकी करते आणि ती बहुधा माणूस नसलेली असते. वस्तू घेऊन येणाऱ्या मुलाशी वाद घालण्यात अर्थ नाही, त्याच्या हातात काहीच नसते. दारातच पिशवी उघडून, वस्तू मोजून, फुटलेली किंवा मुदत उलटलेली वस्तू दिसल्यास तिथेच फोटो घ्यावा, कारण तक्रार करण्याचे बटण अनेकदा थोडाच काळ दिसते. बटण नाहीसे झाले तरी मार्ग बंद होत नाही: २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार अशा प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात तिचे निवारण करायचे असते. त्या अधिकाऱ्याचा ईमेल ॲपच्या तळाशी, अटींच्या पानावर, शोधला की सापडतो. चॅटमधला संवाद पुसला जाण्यापूर्वी त्याचेही स्क्रीनशॉट काढून बिलाच्या फोटोशेजारी ठेवावेत.